गोष्टीतलं कर्तेपण

एखाद्यापुढे हात टेकले की आपण म्हणतो, ‘स्वभावाला औषध नाही.’ ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी उपचारांचे नियम घालून देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनं २००९ साली बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरबद्दल मार्गदर्शिका काढली. शब्दशः पाहिलं तर तिनं या म्हणीवर शिक्कामोर्तबच केलं. या विकारावर म्हणून किंवा त्यातल्या सुट्या लक्षणांवर म्हणून गोळ्या देऊ नयेत; सोबत नैराश्यासारखा दुसरा आजार असेल तर त्याच्या औषधांची गोष्ट वेगळी. मात्र म्हणीच्या पोटात जे दडलेलं असतं, की हा माणूस काही सुधारायचा नाही, ते या मार्गदर्शिकेत नाही. तीन महिन्यांहून कमी मुदतीचे मानसोपचार या विकारासाठी वापरू नयेत, असं मात्र तिनं बजावलं आहे. म्हणजे झटपट तोडगा काढू पाहणाऱ्यांना तिथेही दार बंद. विकाराची ओळख जुनी आहे. न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये ‘सीमारेषेवरच्या’ रुग्णांचं वर्णन केलं आणि १९८० मध्ये हे निदान अमेरिकेच्या अधिकृत निदानसूचीत आलं. भावनांचा अचानक कडेलोट, जवळचं माणूस सोडून जाईल याची सततची धास्ती, काल ज्याला डोक्यावर घेतलं त्याचंच आज तोंड न पाहणं, स्वतःला इजा करून घेणं, आत एक रितेपण आणि आपण नेमके कोण याचा ठाव न लागणं, अशी त्याची लक्षणं. ही सगळी एकाच माणसात असतील असं नाही, पण शेवटचं सोडून बाकीच्यांचीच चर्चा जास्त होते; कारण त्यांचा त्रास इतरांना दिसतो.

हे शेवटचं लक्षण किती महत्त्वाचं आहे ते कळायला एका दीर्घ अभ्यासाकडे वळावं लागतं. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झॅनारिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे निदान झालेल्या २९० रुग्णांचा माग ठेवायला घेतला. दर दोन वर्षांनी त्यांना गाठायचं आणि पुन्हा तपासायचं. दहा वर्षांनंतरचे आकडे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा या क्षेत्रातल्या निराशावाद्यांची पंचाईत झाली, कारण ९३ टक्के रुग्णांमध्ये किमान दोन वर्षं टिकेल इतका लक्षणांचा उतार आढळला होता. पण त्याच शोधनिबंधात दुसरा आकडाही आहे. लक्षणं गेली आहेत, शिवाय नोकरी किंवा शिक्षण नीट चाललं आहे आणि किमान एक तरी जिव्हाळ्याचं नातं टिकून आहे, असे रुग्ण जेमतेम निम्मे होते. ९३ आणि ५० यांच्यामधल्या फटीत असंख्य माणसं राहतात. त्यांच्या हातावर नवे वार नाहीत, मध्यरात्रीचे फोन नाहीत, रुग्णालयाच्या फेऱ्या नाहीत. पण आयुष्यही नाही. वादळ शमलं, पण पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही, अशी ही अवस्था. आत्मकथनपर लेखन आणि कलोपचार यांची खरी जागा या फटीत आहे, असं माझं म्हणणं आहे. शिवाय ते तिथे कशामुळे उपयोगी पडतात याबद्दलचा लोकप्रिय समज, म्हणजे ‘मन मोकळं झालं की बरं वाटतं’, हा बराचसा चुकीचा आहे.

आधी मुळाशी जाऊ. ‘मी कोण’ हे न कळणं म्हणजे काय, हे ड्रू वेस्टन आणि टेस विल्किन्सन-रायन यांनी २००० साली उपचारकांकडून माहिती घेऊन तपासलं. एकाच भूमिकेत स्वतःला बुडवून घेणं, मतं आणि वागणं यांत मेळ नसणं, कशालाच बांधून न घेणं या गोष्टी त्यांना दिसल्याच. पण या रुग्णांना इतरांपासून सर्वांत ठळकपणे वेगळं करणारी गोष्ट होती ती स्वतःच्या तुटलेपणाची वेदना. तुटलेपण आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला असतं. ऑफिसातले आपण, सासरचे आपण आणि शाळासोबत्यांतले आपण एक नसतोच. फरक इतकाच, की आपल्याला ते खुपत नाही, कारण या सगळ्यांना ओवणारा एक धागा आपण मनातल्या मनात सांगत असतो. डॅन मॅकअॅडम्स हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ यालाच ओळख म्हणतात: आपण स्वतःला सांगत आलेली, सतत दुरुस्त होत जाणारी आपली गोष्ट. त्यांचे विद्यार्थी जोनाथन अॅडलर यांनी २०१२ मध्ये बॉर्डरलाइन लक्षणं असलेल्या २० आणि नसलेल्या २० प्रौढांच्या जीवनकथा शेजारी ठेवून वाचल्या. पहिल्या गटाच्या कथांमध्ये माणसांची ओढ कमी नव्हती, ती भागल्याचे प्रसंग कमी होते. प्रसंग कधीचा, कुठला, त्यात कोण होतं हे ऐकणाऱ्याला नीट कळेल अशी मांडणी कमी होती. आणि कर्तेपण कमी होतं. अशा कथेत गोष्टी घडतात. सांगणारा त्या करत नाही, निवडत नाही, टाळतही नाही. तो आपल्याच आयुष्याच्या मांडवात पाहुण्यासारखा उभा असतो.

अॅडलर यांचाच त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. मानसोपचार सुरू करणाऱ्या ४७ प्रौढांनी उपचार सुरू होण्याआधी आणि नंतर प्रत्येक बैठकीच्या सुमारास स्वतःबद्दल, या उपचारांचा आपल्या जगण्याशी काय संबंध आहे याबद्दल थोडं थोडं लिहिलं. अशी जवळजवळ ६०० लहान कथनं जमली. ती वाचून गुण देणाऱ्यांना कुणाची तब्येत सुधारली आणि कुणाची नाही हे माहीत नव्हतं. निष्कर्ष दोन निघाले. कथनातलं कर्तेपण वाढत गेलं तसं मानसिक आरोग्य सुधारत गेलं. आणि क्रम असा, की गोष्ट आधी बदलली, बरं वाटणं मागून आलं. दुसरा निष्कर्ष अनपेक्षित होता: कथनातली सुसंगती वाढली म्हणून कुणाचं आरोग्य सुधारलं असं दिसलं नाही. म्हणजे गोष्ट गुळगुळीत, आदि-मध्य-अंत असलेली, सगळ्या गाठी सुटलेली झाली पाहिजे असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. ती खडबडीत राहिली तरी चालेल, मधली पानं कोरी राहिली तरी चालेल; तिच्यात ‘मी’ हा कर्ता म्हणून कुठेतरी दिसला पाहिजे. ४७ माणसं हा आकडा लहान आहे, आणि त्यांचे आजार तऱ्हेतऱ्हेचे होते हेही खरं. तरी बॉर्डरलाइन रुग्णांच्या कथांत नेमकं जे उणं आढळतं तेच इथे बरं होण्याच्या पुढे चालताना दिसतं, हा योगायोग सोडून देण्यासारखा नाही.

आता मन मोकळं करण्याबद्दल. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये केलेला प्रयोग फार गाजला. ४६ विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना आयुष्यातल्या सर्वांत वाईट अनुभवाबद्दल, काहींना किरकोळ विषयांवर. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. त्यावरून दुःख कागदावर ओतलं की हलकं होतं, असा सोपा संदेश जगभर पोचला आणि डायऱ्या विकणाऱ्यांचं भलं झालं. पुढे २००६ मध्ये जोॲन फ्रॅटारोली यांनी अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला तेव्हा फायदा खरा, पण अगदी छोटा निघाला. आणि २०१३ मध्ये डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी अॅरिझोनात नुकतेच जोडीदारापासून विभक्त झालेल्या ९० जणांवर केलेला प्रयोग तर सावध करणारा आहे. सतत तेच ते उगाळण्याची ज्यांना सवय होती, त्यांना भावनिक लेखनानं उलट त्रासच झाला. त्यांच्यासारख्याच ज्या लोकांना ‘आज दिवसभर काय काय केलं ते लिहा, भावना मध्ये आणू नका’ असं सांगितलं होतं, ते काही महिन्यांनी अधिक सावरलेले होते. बॉर्डरलाइन विकारात उगाळणं हा जवळजवळ स्थायीभाव. अशा माणसाच्या हाती कोरी वही देऊन ‘मनात येईल ते लिही’ म्हणणं म्हणजे त्याला त्याच्या भोवऱ्यात एकटं सोडणं. त्यामुळे हे लिखाण घडवून आणायचं तर त्याला दोन गोष्टी हव्यात: बंधन आणि वाचक.

वाचक काय करतो हे पाहायला सुझाना केसन यांचं ‘गर्ल, इंटरप्टेड’ हे १९९३ मधलं पुस्तक हाताशी घ्यावं. अठराव्या वर्षी, १९६७ साली, त्या मॅक्लीन रुग्णालयातच दाखल झाल्या आणि तिथे दीड-दोन वर्षं राहिल्या. निदान बॉर्डरलाइन. पंचवीसेक वर्षांनी वकिलामार्फत त्यांनी स्वतःची ३५० पानांची फाइल मिळवली आणि तिच्यातले कागद आपल्या मजकुराच्या शेजारी जसेच्या तसे छापले. एका बाजूला टाइप केलेला दाखल-अर्ज, डॉक्टरांचे शेरे. दुसऱ्या बाजूला त्यांची स्वतःची आठवण. एक छोटं प्रकरण तर सबंध एका वादाभोवती आहे. आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरनं वीस मिनिटांत दाखल करायचा निर्णय घेतला असं त्या म्हणतात; आपण तीन तास बोललो असं डॉक्टरचं म्हणणं. केसन घरून निघाल्याची वेळ, प्रवासाला लागलेला वेळ, अर्जावरची नोंद अशी बेरीज-वजाबाकी वाचकासमोर मांडत जातात आणि दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा ते वाचकावर सोपवतात. दुसऱ्या एका प्रकरणात त्या निदानसूचीतली विकाराची व्याख्या घेऊन वाक्यावाक्याला तिच्याशी हुज्जत घालतात. पुस्तकाचं नाव फेर्मीर या डच चित्रकाराच्या न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहातल्या चित्रावरून आलेलं आहे. ते चित्र त्यांनी आजारापूर्वी पाहिलं होतं आणि कित्येक वर्षांनी पुन्हा. दोन्ही वेळी त्यातल्या मुलीची नजर त्यांना वेगळं काही सांगत होती. या पुस्तकात सुसंगती बेताचीच आहे, प्रकरणं तुटक आहेत, काळ मागेपुढे होतो. पण जिच्याबद्दल इतरांनी ३५० पानं लिहिली ती स्वतः लिहिणारी झाली, हे पानोपानी दिसतं. साहित्यगुण वेगळे, उपचाराच्या अंगानं पाहता मला ही उलटापालट मोलाची वाटते.

प्रत्येक रुग्ण लेखक नसतो, हा आक्षेप इथे येणारच. त्याचं उत्तर अँथनी राइल या ब्रिटिश डॉक्टरांच्या पद्धतीत सापडतं. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात काम करताना त्यांनी कॉग्निटिव्ह अॅनालिटिक थेरपी घडवली. बॉर्डरलाइन रुग्णांसाठी साधारण २४ बैठका. पहिल्या काही बैठका ऐकण्यात जातात. मग उपचारक रुग्णाला एक पत्र लिहितो. लहानपणी काय घडलं, त्यातून तगण्यासाठी रुग्णानं कोणती रीत शोधली, ती रीत आज त्यालाच कशी अडकवते आहे, आणि हीच रीत आपल्या दोघांमध्येही कधी उपटेल, असा साधा, द्वितीयपुरुषी मजकूर. पत्र समोर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचं. प्रत रुग्णाकडे. ‘हे असं नव्हतं’ म्हणत तो त्यात खाडाखोड करू शकतो, आणि तशी खाडाखोड करावी हीच अपेक्षा असते. पत्राबरोबर एका कागदावर नकाशा काढतात: रुग्णाच्या मनाच्या वेगवेगळ्या अवस्था चौकटींत, आणि एकीतून दुसरीत तो कसा ढकलला जातो ते दाखवणारे बाण. शेवटच्या टप्प्यात दोघंही एकमेकांना निरोपाची पत्रं लिहितात; काय साधलं आणि काय राहून गेलं दोन्ही त्यात येतं. इथे लेखणी आधी दुसऱ्याच्या हातात असते आणि ती हळूहळू सरकते. मराठी वाचकाला ही रचना अगदीच अनोळखी वाटू नये. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो, माणूस एकच, पण सांगणारा आणि ऐकणारा अशी फोड केल्याशिवाय ती गोष्ट सांगताच आली नसती. तिथे प्रश्न विकाराचा नव्हता, जातीनं लादलेल्या जगण्याचा होता. पण स्वतःकडे पाहणारा एक दुसरा निर्माण करण्याची गरज दोन्हीकडे आहे, आणि बॉर्डरलाइन रुग्णाला हा दुसरा एकट्यानं उभा करता येत नाही, म्हणून सुरुवातीला तो उपचारकाच्या रूपात उधार घ्यावा लागतो.

या पद्धतीचा पुरावा कसा आहे? बरा आहे, दणदणीत नाही. २०१३ मध्ये व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या ९९ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटून केलेल्या चाचणीत नेहमीच्या सेवेपेक्षा ही थेरपी सरस ठरली. पण मेलबर्नच्या अँड्र्यू चॅनन यांनी किशोरवयीन रुग्णांवर केलेल्या २००८ च्या चाचणीत, ज्यांना थेरपीऐवजी नीट आखलेली चांगली वैद्यकीय सेवा मिळाली तेही दोन वर्षांत जवळजवळ तितकेच सुधारले. सर्वांत अवघड प्रश्न विचारला तो स्टीफन केलेट आणि सहकाऱ्यांनी. २०१८ च्या त्यांच्या चाचणीत नैराश्याच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला पत्रासह संपूर्ण थेरपी, दुसऱ्याला पत्र वगळून. निकालात फरक पडला नाही. मग पत्राचा एवढा गाजावाजा कशाला? माझं उत्तर असं, की नैराश्यात माणसाची गोष्ट काळवंडते, पण बहुधा ती त्याच्या हातून निसटलेली नसते. ज्याचा धागाच तुटला आहे त्याच्या बाबतीत तोच निकाल लागेल असं गृहीत धरता येत नाही. पण हे माझं अनुमान आहे, आणि बॉर्डरलाइन रुग्णांवर तशीच चाचणी होत नाही तोवर ते अनुमानच राहणार. केलेट यांचा निकाल आणखी एक गोष्ट सुचवतो, आणि ती माझ्या म्हणण्याला धरूनच आहे: पत्र नावाच्या कागदात जादू नाही. ते लिहिताना, ऐकताना, खोडताना दोन माणसांमध्ये जे चालतं ते चांगल्या उपचारात पत्राशिवायही चालू शकतं. लेखन हा त्याचा एक मार्ग, आणि ज्यांना समोरासमोर बोलताना शब्द सापडत नाहीत किंवा सापडलेले दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत, त्यांच्यासाठी कदाचित अधिक सोयीचा.

पण शब्दच न सापडणाऱ्यांचं काय? कलोपचार इथे येतो. हे नाव रुळवलं अॅड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानं, १९४२ च्या सुमारास, क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात स्वतः रुग्ण असताना. १९४६ पासून सरे परगण्यातल्या नेदर्न मनोरुग्णालयात एडवर्ड अॅडमसन रुग्णांसाठी स्टुडिओ चालवत होते. चित्रांचा अर्थ लावून रुग्णाला सांगायचा नाही हा त्यांचा दंडक. हा दंडक आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ‘काळा रंग वापरला म्हणजे मनात मृत्यू’ असली भविष्यवाणी म्हणजे कलोपचार, असं आपल्याकडे बऱ्याच कार्यशाळांना वाटतं. खरा कलोपचारक अर्थाआधी साहित्याचा विचार करतो. ओला जलरंग पसरतो, आवरत नाही, भावना वर काढतो. पेन्सिल, कात्रणं, कोलाज हाताला अडवतात, सीमा देतात. जो आधीच उतू चालला आहे त्याच्यापुढे जलरंगाचं ताट ठेवायचं नाही, आणि जो थिजलेला आहे त्याला पट्टी-पेन्सिलीत कोंडायचं नाही. एकाच कागदावर दोघांनी न बोलता चित्र काढायचं, असा एक सराव गटात घेतात. कोण कुठून सुरुवात करतं, दुसऱ्याची रेघ आपल्या अर्ध्यात शिरली की हात मागे जातो की तिच्यावर गिरबटतो, हे सगळं कागदावर उरतं. सोडून जाण्याची धास्ती, जवळीक आणि तिरस्कार यांचा झोका, जे बोलताना आरोप-प्रत्यारोपात हरवलं असतं, ते इथे टेबलावर पडलेलं असतं आणि दोघंही त्याच्याकडे बोट दाखवून बोलू शकतात. शिवाय चित्र पुढच्या आठवड्यातही तसंच असतं. ‘मागच्या वेळी मला असं वाटलंच नव्हतं’ म्हणणाऱ्या मनाला हा पुरावा फार उपयोगी पडतो. आणि कर्तेपण? रेघ कुणीतरी काढावीच लागते. कागद पुरा फाडण्यातसुद्धा एक निर्णय असतो.

याचा मोजलेला पुरावा मुख्यतः नेदरलँड्समधून आला. सुझान हायेन यांनी २०१५ मध्ये २९ रुग्णांना कलोपचारानं काय बदललं ते सविस्तर विचारलं. स्वतःकडे पाहणं, तुकडे जोडले जाणं, भावना आवरता येणं, अशा गोष्टी रुग्णांनी सांगितल्या. मग २०१८ मध्ये ५७ रुग्णांची चाचणी. एका गटाला दहा आठवडे, दर आठवड्याला दीड तासाचा गटातला कलोपचार. दुसरा गट प्रतीक्षायादीवर. उपचार मिळालेल्या गटाचा त्रास लक्षणीय कमी झाला आणि पाच आठवड्यांनंतरही सुधारणा टिकून होती. यावर शंका घ्यायला भरपूर जागा आहे. वाट बघत बसलेल्यांशी तुलना केली तर जवळजवळ काहीही चांगलंच दिसतं. लक्ष मिळालं, गट मिळाला, आठवड्याला एक ठरलेली वेळ मिळाली, यातलं कलेचं श्रेय किती? आणि झॅनारिनी दहा वर्षांचा हिशेब मांडत असताना पाच आठवडे म्हणजे काय? याहून मोठा धक्का ब्रिटनच्या मॅटिस चाचणीचा. स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांना काहींना गटात कलोपचार, काहींना नुसते खेळ-गप्पांसारखे उपक्रम आणि काहींना नेहमीची सेवा देऊन दोन वर्षांनी पाहिलं, तर तिन्हींत फरक नव्हता. कलोपचाराच्या गटातले पुष्कळ रुग्ण एकदाही फिरकले नव्हते. ही चाचणी दुसऱ्या आजाराची आहे असं म्हणून कलोपचारक तिला बाजूला सारतात ते मला पुरेसं वाटत नाही. तिच्यातून घ्यायचं ते हे: जो येईल त्याला, न विचारता, यादीत नाव आहे म्हणून रंग दिले तर काही होत नाही. ज्याला हे माध्यम हवं आहे, जो दीर्घ उपचारात आधीच रुजला आहे आणि ज्याच्या उपचाराला एक सूत्र आहे, त्याच्या हाती ते द्यावं. स्वतंत्र दुकान म्हणून नव्हे.

आणि केव्हा द्यावं? मार्शा लिनेहन यांनी याच विकारासाठी घडवलेल्या डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीत क्रम ठरलेला आहे: आधी जीव सुरक्षित, मग जुन्या जखमा. पहिल्या टप्प्यातही लिहायला लावतात, पण आयुष्याची कथा नव्हे. रोजचा तक्ता भरायचा, आणि स्वतःला इजा करण्याचा एखादा प्रसंग घडलाच तर त्या एका प्रसंगाची साखळी कडी-कडीनं लिहायची. कुठे होतात, काय खाल्लं होतं, कुणाचा मेसेज आला, अंगात काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं, मग हात कुठे गेला. अॅरिझोनाच्या प्रयोगातल्या ‘दिवसभर काय केलं’ या रुक्ष लेखनाशी याचं नातं आहे. या साखळीत ‘इथे मी वेगळं काही करू शकलो असतो’ अशी एखादी कडी सापडते, आणि कर्तेपणाची पहिली नोंद तीच. सबंध जीवनकथा बऱ्याच नंतर येते. लिनेहन यांच्या स्वतःच्या बाबतीत किती नंतर आली पाहा. १९६१ मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, त्या हार्टफर्डच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंगमध्ये दाखल झाल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे होत्या. आपण स्वतः या वाटेनं गेलो आहोत हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं २०११ मध्ये, त्याच संस्थेत. आत्मकथा आली २०२० मध्ये. संस्थेत दाखल होण्याआधीच्या कित्येक आठवणी पुसल्या गेल्यामुळे भावंडांना आणि जुन्या ओळखीच्यांना विचारून त्यांना तुकडे जोडावे लागले.

आठवणींचा विषय निघाला की सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो: अशा लेखनातून खोट्या आठवणी तयार झाल्या तर? १९८०च्या आणि ९०च्या दशकांत अमेरिकेत उत्साही उपचारकांनी रुग्णांकडून कधी न घडलेल्या छळाच्या आठवणी ‘बाहेर काढल्या’ आणि घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली. स्मृतीच्या अभ्यासक एलिझाबेथ लॉफ्टस यांनी तेव्हा प्रयोगांनी दाखवलं, की पुन्हा पुन्हा विचारून आणि कल्पना करायला लावून न घडलेला प्रसंग माणसाच्या स्मृतीत पेरता येतो. म्हणून उपचारक रुग्णाच्या कथेतली रिकामी जागा भरायला गेला की त्याला थांबवलं पाहिजे. सुसंगतीचा हट्ट इथेच घातक ठरतो, आणि अॅडलर यांच्या निष्कर्षानं त्या हट्टाची गरजही काढून घेतली आहे. दुसरा आक्षेप निदानावरच आहे. लुइस आणि अॅपलबी यांनी १९८८ मध्येच दाखवलं होतं, की ‘व्यक्तिमत्त्व विकार’ हा शिक्का कागदावर असला की मानसोपचारतज्ज्ञ त्याच रुग्णाकडे अधिक नाखुशीनं पाहतात. यातले बरेच रुग्ण मुळात अत्याचारातून आलेले असतात, तेव्हा दोष त्यांच्या व्यक्तिमत्त्वात का शोधायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण मग त्यांनी आपली गोष्ट स्वतःच्या शब्दांत मांडण्याची गरज वाढते, कमी होत नाही. तिसरा आक्षेप कॅनडातल्या रुग्ण-कार्यकर्त्यांनी २०१२ मध्ये मांडला, आणि तो मला सर्वांत पटतो. संस्थांना ‘बरं झाल्याच्या’ कहाण्या हव्या असतात, निधीसाठी, जाहिरातीसाठी, व्यासपीठासाठी. आणि त्या ठरावीक साच्यात हव्या असतात, आधी अंधार आणि मग संस्थेमुळे उजेड. गोष्टीचं कर्तेपण रुग्णाला द्यायचं आणि गोष्ट मात्र वार्षिक अहवालात छापायची, हा व्यवहार उपचार म्हणवून घेण्याच्या लायकीचा नाही.

आपल्याकडे या पद्धती रुजवायच्या तर अडचणी वेगळ्या आहेत. २४ बैठकांची फी कोण देणार, हा प्रश्न आहेच, आणि तो कुणी ‘जागरूकता’ वाढवून सुटणार नाही. कलोपचाराचा पंधरवड्याचा कोर्स करून पाटी लावणाऱ्यांना आपण अजून अडवत नाही. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ हे नाव नोंदणीशिवाय लावता येत नाही. पण सर्वांत जवळची अडचण घरातली आहे. लिहिलेली वही ठेवायची कुठे? दोन खोल्यांच्या घरात, जिथे कपाटाची किल्ली आईकडे आणि मोबाइलचा पासवर्ड भावाला माहीत असतो, तिथे ‘सासू’ किंवा ‘बाबा’ या शब्दांपाशी लिहिणारीचा हात थांबणार, किंवा लिहिलेलं दुसऱ्याच दिवशी भांडणाचं हत्यार होणार. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं २३वं कलम रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं आणि २५वं कलम त्याच्या उपचारांच्या नोंदी पाहण्याचा. केसन यांना ज्यासाठी वकील गाठावा लागला ते इथे निदान कागदावर तरी हक्कानं मिळतं. पण हे हक्क संस्थेच्या विरुद्ध आहेत, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या विरुद्ध नाहीत. म्हणून वही, चित्रं आणि पत्रांच्या प्रती उपचारकाकडे कुलपात राहतील, रुग्ण मागेल तेव्हा त्याला मिळतील, आणि कुटुंबाला भेटायचं असेल तर ते वेगळ्या बैठकीत, वही बंद ठेवून, हे पहिल्याच दिवशी, घरच्यांच्या समोर आणि लेखी ठरलं पाहिजे. पेनची टोपी त्यानंतरच काढावी.